ऐकू येते, पण समजत नाही

आमचे भुसार मालाचे घाऊक दुकान आहे. वडिलांना घरात आणि बाजारात सर्वजण बाबूजी म्हणतात. चाळीस वर्षे त्यांनी गादीवर बसून निम्मा व्यापार फोनवर केला. भाव तोंडी, मागणी तोंडी, शब्दही तोंडीच. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका जुन्या किराणा व्यापाऱ्याने फोनवरून तूरडाळीची साठ पोती मागविली. बाबूजींनी वहीत आठ लिहिली आणि टेम्पोत आठच गेली. सायंकाळी त्या गृहस्थांचा फोन आला, तो मी घेतला. "शेटजींनी आठ कशी पाठविली? मी दोनदा साठ म्हणालो होतो."

उरलेली पोती दुसऱ्या दिवशी आमच्या भाड्याने पोहोचविली. ग्राहक तुटला नाही. परंतु बाबूजींनी त्या दिवसापासून फोन उचलणे सोडले. घंटा वाजली की ते वहीत डोके घालीत, आणि फोन मुनीमजी किंवा मी घेत असू. काही महिन्यांनी "गुडघे दुखतात" म्हणून त्यांनी दुपारचे येणे बंद केले. पुढे सकाळचेही बंद झाले. वयोमानाने माणूस थकतो, असे आम्ही समजलो. गुडघ्यांसाठी दोन डॉक्टर केले. कानांचा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण ते बहिरे नव्हते. बोललेले त्यांना ऐकू येत होते.

गतवर्षी संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणानंतर माझा धाकटा मुलगा त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजोबा, टीव्हीच्या आवाजावरून मी तुमच्यावर किती वेळा चिडलो. मिच्छामि दुक्कडम्." बाबूजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरविला आणि हसून म्हणाले, "हो, हो, तू जेवून घे." मुलाने माझ्याकडे पाहिले. क्षमा मागितली गेली होती, पण ती पोहोचली नव्हती. त्याच आठवड्यात आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ घेतली.

कानात नेमके काय घडते

डॉक्टरांनी प्रथम दोन्ही कानांतील घट्ट झालेला मळ काढला. त्याने थोडा फरक पडला. नंतर श्रवणतज्ज्ञांनी बंद खोलीत कानांना हेडफोन लावून चाचणी केली. निरनिराळ्या पट्टीचे सूर हळूहळू मोठे करीत नेतात आणि सूर ऐकू येताच रुग्णाने बटण दाबायचे असते. अर्ध्या तासात आलेख हाती आला. जाड, खर्जातील आवाजांपाशी रेषा जवळजवळ ठीक होती. बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपाशी ती घाटाच्या उतारासारखी खाली गेली होती.

श्रवणतज्ज्ञांनी समजावून सांगितले ते थोडक्यात असे. कानाच्या पडद्यावर आदळलेला ध्वनी मध्यकर्णातील तीन नाजूक हाडांच्या साखळीतून अंतर्कर्णात जातो. तेथे गोगलगायीच्या शंखासारखा वेटोळा अवयव आहे, त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात जन्मतः सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्या ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात, आणि ते संदेश श्रवणचेतातंतूमार्गे मेंदूकडे जातात. माणसाच्या कानातील ही केशपेशी एकदा नष्ट झाली की पुन्हा उगवत नाही. वयोमानाने प्रथम झिजतात त्या शंखाच्या प्रवेशाजवळच्या पेशी, आणि नेमक्या त्याच उंच पट्टीचे आवाज टिपतात.

आपल्या बोलण्यातील स्वर, म्हणजे अ, आ, ओ, हे जाड आणि जोरदार असतात. स, श, फ, थ, त, क यांसारखी व्यंजने बारीक आणि दुबळी असतात. बोलण्याचा जोर स्वरांत असतो, तर अर्थ बहुतांशी व्यंजनांत असतो. 'साठ' या शब्दातील 'स' कानापर्यंत पोहोचला नाही तर जे उरते ते 'आठ'. त्यातून जुन्या पद्धतीचा फोन हे उंच पट्टीचे आवाज मुळातच कापून टाकतो, आणि समोरच्याचे ओठही दिसत नाहीत. म्हणजे त्या दिवशी बाबूजींनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी जे ऐकले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते.

"ऐकू येते, पण समजत नाही" हे वाक्य आपण घरोघरी ज्येष्ठांच्या तोंडून ऐकतो आणि त्याला हट्ट समजतो. वास्तविक वार्धक्यातील श्रवणक्षीणतेचे याहून अचूक वर्णन नाही.

ओरडल्याने का भागत नाही

आम्ही काय केले होते? आवाज चढविला होता. सून स्वयंपाकघरातून ओरडे, मी दुकानातून आल्यावर ओरडे, नातवंडे ओरडत. त्यावर बाबूजी म्हणत, "ओरडता कशाला? मी काय बहिरा आहे?" हळू बोलावे तर कळत नाही आणि मोठ्याने बोलावे तर रागावतात, असा आमचा आक्षेप होता. त्यामागेही शास्त्र आहे. केशपेशी झिजलेल्या कानाला हळू आवाज ऐकूच येत नाही, परंतु मोठा आवाज मात्र निरोगी कानाइतकाच, किंबहुना अधिक, बोचतो. दोहोंमधील सुखाचा पट्टा अरुंद होतो. शिवाय ओरडताना आपण स्वर ताणतो. व्यंजने तितकीच दुबळी राहतात आणि चेहराही वाकडा होतो. त्यामुळे अर्थ पोहोचत नाही, राग तेवढा पोहोचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठी ओलांडलेल्या लोकांपैकी २५ टक्क्यांहून अधिक लोकांना कामकाजात अडथळा आणणारी श्रवणक्षीणता असते. म्हणजे चार ज्येष्ठांमागे एक. आपल्या एकत्र कुटुंबांत तो एक कोण, हे बहुधा सर्वांना माऊक असते. बोलत मात्र कोणी नाही.

न ऐकू येणाऱ्या माणसाचे काय होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तो प्रथम "काय म्हणालात?" असे विचारतो. दोन-तीनदा विचारल्यावर समोरचा वैतागतो, म्हणून विचारणे सोडतो. मग अंदाजाने मान हलवतो. अंदाज चुकले की लोक हसतात. ते हसणे आपल्यालाच आहे असे त्याला वाटू लागते, आणि शेवटी तो बैठकीतून उठून आपल्या खोलीत जातो. घरचे म्हणतात, "हल्ली विसरतात." प्रत्यक्षात जे कानात गेलेच नाही, ते विसरणार कसे?

स्मरणशक्तीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून आपल्या अहवालांत श्रवणक्षीणता ही स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या जोखमींमध्ये गणली आहे. २०२३ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींचा तीन वर्षे अभ्यास झाला. सर्वांचा एकत्रित विचार करता श्रवणयंत्राने बुद्धीच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. परंतु ज्यांना आधीपासूनच ऱ्हासाचा धोका अधिक होता, त्या गटात यंत्र वापरणाऱ्यांचा ऱ्हास सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावला. यंत्र लावले म्हणजे स्मृतिभ्रंश टळला, असे यावरून म्हणता येत नाही. तथापि दुर्लक्ष करण्याची किंमत केवळ कानापुरती नसते, एवढे निश्चित.

यंत्र घेण्यापूर्वी

चष्मा लावताना आपल्याला संकोच वाटत नाही. श्रवणयंत्राचा मात्र वाटतो. बाबूजींचे पहिले वाक्य होते, "बाजारात काय म्हणतील? म्हातारा शेटजी कानात यंत्र घालून बसला." मी त्यांना एवढेच म्हणालो, "बाबूजी, यंत्र दिसले तर लोक एकदा पाहतील. साठाचे आठ ऐकले तर आयुष्यभर सांगतील." त्यांना व्यापाराची भाषा पटली.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखविल्याशिवाय यंत्र घेऊ नये. मळ, पडद्याचे छिद्र किंवा मध्यकर्णातील विकार असेल तर उपचार निराळे असतात. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कान वाहणे, भोवळ येणे ही लक्षणे असतील तर तपासणी लांबवू नये. एखाद्या सकाळी अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तेथे पहिले काही दिवसच मोलाचे असतात. कानात गरम तेल घालणे, केसाची पिन किंवा काडी फिरविणे या घरगुती सवयी सोडाव्यात.

आलेखाविना विकली जाणारी स्वस्त 'आवाज वाढविणारी' साधने टाळावीत. ती सर्वच आवाज सरसकट मोठे करतात. खरे श्रवणयंत्र त्या व्यक्तीच्या आलेखानुसार बसविले जाते. जेथे उतार आहे तेथेच ते भर घालते आणि मोठा आवाज बोचणार नाही अशी मर्यादाही घालते. दोन्ही कान क्षीण असतील तर बहुधा दोन यंत्रे सुचविली जातात, कारण आवाजाची दिशा कळण्यास आणि गलक्यातून बोलणे वेगळे काढण्यास दोन्ही कानांची मदत लागते.

किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. महागडे ते उत्तम असा नियम नाही. वापरणाऱ्याचा दिवस कसा जातो, हे प्रथम पाहावे. घरी व देवदर्शनापुरते फिरणाऱ्या व्यक्तीची गरज निराळी, गादीवर बसून दहा जणांशी बोलणाऱ्याची निराळी. बोटे थरथरत असतील तर कानाच्या आत बसणारे अतिलहान यंत्र हाताळणे अवघड जाते. त्यांना कानामागचे यंत्र सोयीचे. खरेदीपूर्वी काही दिवस वापरून पाहण्यास मिळेल का, पुढील जुळवणीचे शुल्क किती, दुरुस्ती कोठे होते, हे व्यापाऱ्याच्या चोखपणाने विचारावे. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर लागत नाही, हेही पावती पाहताना लक्षात असावे.

पहिले तीन महिने

आमची मोठी चूक येथे होणार होती. यंत्र लावले की दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत होईल, अशी आमची समजूत. बाबूजींनी यंत्र लावले आणि अर्ध्या तासात काढून ठेवले. म्हणाले, "घरात एवढा गोंगाट केव्हापासून आहे?" पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची पाने, ताटावर ताट, स्वतःच्या जेवणाचा आवाज, सर्व अंगावर आले. स्वतःचा आवाज त्यांना विहिरीतून आल्यासारखा वाटे.

श्रवणतज्ज्ञांनी सांगितले की हे अपेक्षितच आहे. कित्येक वर्षे मेंदूला हे आवाज मिळाले नव्हते. त्यांतील कोणते ऐकायचे आणि कोणते सोडायचे, हे त्याला पुन्हा शिकावे लागते. कानांनी शांत जागेपासून सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोन तास, एका माणसाशी बोलताना. मग चार तास, मग टीव्ही, मग दोघे-तिघे, आणि शेवटी बाजार. मधून मधून यंत्राची जुळवणी करून घ्यावी. आम्हाला तीन वेळा जावे लागले. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी यंत्राविषयी तक्रार करणे थांबविले. ज्येष्ठांची यंत्रे कपाटाच्या खणात पडून राहतात ती बहुधा याच पहिल्या महिन्यात, कारण त्या वेळी त्यांच्याबरोबर कोणी जात नाही.

निगा सोपी आहे, पण रोजची आहे. स्नानापूर्वी व अभिषेकापूर्वी यंत्र काढावे. पावसाळ्यात रात्री ते ओलावा शोषणाऱ्या गोळ्यांच्या डबीत ठेवावे. मळ अडकला तर छोट्या ब्रशने काढावा. यंत्र शिट्टी वाजवू लागले तर ते नीट बसले नाही किंवा कानात मळ आहे, असे समजावे. लहान गोल बॅटरीवरचे रंगीत चिकटपान काढताच ती खर्च होऊ लागते. म्हणून ते आधी काढून ठेवू नये. या बॅटऱ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. गिळली गेल्यास थेट रुग्णालय गाठावे.

घरच्यांचे काम

यंत्र अर्धे काम करते, उरलेले अर्धे घरच्यांचे असते. आमच्या घरी आता काही नियम आहेत. आधी हाक मारावी, त्यांनी पाहिले की मग बोलावे. दुसऱ्या खोलीतून बोलू नये. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड असावा. टीव्ही बंद करून बोलावे. एका वेळी एकानेच बोलावे. एखादे वाक्य दोनदा कळले नाही तर तेच तिसऱ्यांदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलावेत. आणि "काही नाही, जाऊ द्या" हे वाक्य आम्ही घरातून हद्दपार केले. ज्याला ऐकू येत नाही त्याला या वाक्याचा अर्थ एकच कळतो, की सांगण्याइतके महत्त्व आपल्याला उरलेले नाही.

तरुणांसाठीही एक सूचना आहे. डाळ गिरणी, जिनिंग, जनरेटर, लग्नातील डीजे येथे ८५ डेसिबलच्या वर दीर्घकाळ राहिलेला कान म्हातारपणाची वाट पाहत नाही. गिरणीत काम करणाऱ्या आपल्या माणसांना कानात घालण्याची संरक्षक बोंडे देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

संघ आणि दात्यांसाठी

'श्रावक' या शब्दाच्या मुळाशी 'श्रु' हा धातू आहे. श्रावक म्हणजे ऐकणारा. आपल्याकडे धर्माचा प्रारंभ श्रवणाने होतो, आणि आपल्या प्रवचनसभांत बहुसंख्य श्रोते साठीच्या पुढचे असतात. ज्या स्थानकांत ध्वनिक्षेपक वापरला जात नाही, तेथे मागच्या रांगेतील ज्येष्ठांना केवळ गुणगुण ऐकू येते. मुखवस्त्रिकेमुळे ओठांची हालचालही दिसत नाही. मर्यादा परंपरेच्या आहेत, त्यांचा आदर राखूनही व्यवस्था करता येते. पुढच्या दोन रांगा कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखाव्यात. प्रवचनाचा सारांश फलकावर लिहावा. पंखे शक्य तेथे कमी आवाजाचे असावेत. जेथे ध्वनिक्षेपक चालतो, तेथे सभागृहात तारेचे वेटोळे बसवून आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचविण्याची व्यवस्थाही होऊ शकते. त्यासाठी यंत्रात 'टेलिकॉइल'ची सोय असावी लागते. सामायिकात यंत्र वापरावे की नाही, हा प्रश्न अनेक ज्येष्ठ मनात ठेवतात. तो मनात न ठेवता आपापल्या गुरुमहाराजांना विचारावा.

आपला समाज दानशूर आहे. श्रवणयंत्र वाटपाची शिबिरेही होतात. दात्यांना एक विनंती आहे. यंत्र हाती दिले म्हणजे दान पूर्ण झाले असे समजू नये. वाटपाच्या संख्येतून काही यंत्रे कमी झाली तरी चालेल, परंतु प्रत्येकासाठी चाचणी, वर्षभराच्या बॅटऱ्या आणि किमान तीन जुळवण्या यांची तरतूद असावी. शंभर यंत्रे खणात पडण्यापेक्षा चाळीस कानांत राहिलेली बरी. ज्यांना खर्च पेलत नाही त्यांच्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चाचणीची सोय असते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था याच कामासाठी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरजू ज्येष्ठांना श्रवणयंत्रही मिळते. आपल्या दुकानातील जुने मुनीम, हमाल, तोलणार यांना ही माहिती पोहोचविणे हेदेखील दानच आहे.

बाबूजी आता रोज सकाळी तीन तास गादीवर बसतात. मंगल कार्यालयाच्या गलक्यात त्यांना आजही नीट ऐकू येत नाही आणि तेथे ते फार वेळ थांबत नाहीत. फोन मात्र पुन्हा स्वतः घेतात. त्यांनी दुकानात एक रीत घातली आहे. फोनवर आलेला आकडा लिहिल्यावर तो समोरच्याला वाचून दाखवायचा: "साठ, म्हणजे सहावर शून्य ना?" प्रथम हे त्यांच्या कानांसाठी होते. आता मुनीमजी आणि मीही तसेच करतो, आणि वहीत खाडाखोड कमी झाली आहे.

पर्युषण जवळ येत आहे. घराची झाडलोट, तपश्चर्येची तयारी, बाहेरगावच्या पाहुण्यांची व्यवस्था यांबरोबर एक काम यादीत लिहावे: घरातील साठीपुढील प्रत्येकाची श्रवणचाचणी. तिला अर्धा तास लागतो. संवत्सरीच्या दिवशी आपण त्यांच्यापुढे वाकून क्षमा मागू, तेव्हा आपले शब्द त्यांना कळले पाहिजेत.